पाट्या पालथ्या!

एका यंत्राने बघितलं, तीन माणसांनी बघितलं, आणि फोटोत ढळढळीत दिसणारी गोष्ट चौघांपैकी कुणालाच दिसली नाही. असं कसं होईल?

मंगळवारपासून ऋजुताच्या डोक्यात हेच कोडं घोळत होतं. ऋजुता अकरा वर्षांची. तिचं गाव कळकीपठार, डोंगराच्या अगदी डोक्यावर. शाळा, दवाखाना, बाजार सगळं खाली, आणि मधे खोल दरी. दरीवरून रोपवे (जाड पोलादी दोरावर चालणारी पाळणागाडी) होता म्हणून बरं. रोपवेने शाळा सात मिनिटांवर, पायवाटेने अडीच तासांवर.

दोर तपासण्याचं काम न्याहाळ करायचा. न्याहाळ ही कृत्रिम बुद्धिमत्ता (हजारो उदाहरणं बघून अंदाज बांधायला शिकलेलं यंत्र). रोज सकाळी कॅमेरे दोराचे बारा हजार फोटो काढत. न्याहाळ ते चार मिनिटांत बघून पडद्यावर हिरवा दिवा लावी. मग तपासनीस कदमकाका, त्यांच्यानंतर फरीदाताई आणि शेवटी रोपवे केंद्राची प्रमुख, म्हणजे ऋजुताची आई सुनंदा शेलार, फोटो चाळून सही करत. इतका कडेकोट बंदोबस्त असल्यावर कुणाला कशाची काळजी?

पण मंगळवारी पहिली फेरी सुटण्याआधी गंगारामकाका आखाडे दोराला वंगण द्यायला खांबावर चढले. त्यांची एक जुनी खोड होती. दोर गोगलगाईच्या चालीने सरकत असताना ते त्यावर हलकेच फडकं धरत. त्या दिवशी फडकं अडकलं. दोरातल्या सात तारा तुटून कुसळांसारख्या वर आल्या होत्या. काकांनी आरडाओरडा करून गाडी थांबवली. नंतर फोटो उघडला, तर त्यातही सातच्या सात तारा दिसत होत्या. आणि खाली तीन सह्या!

दोर रविवारपर्यंत दुरुस्त होणार होता. पण चूक का झाली हे कळल्याशिवाय रोपवे सुरू करायचा नाही, असा वरून हुकूम आला. तसं झालं तर कळकीपठारच्या बारा मुलांना तालुक्याच्या वसतिगृहात जावं लागणार. घरी माळ्यावरची ट्रंक खाली आली होती. ती बघितली की ऋजुता तोंड फिरवायची. आईने तर दोन दिवस धड घास घेतला नव्हता.

गुरुवारी चौकशीसाठी डॉक्टर हेमलता गद्रे आल्या. सत्तरीच्या शास्त्रज्ञ बाई, अख्खा डोंगर पायी चढून धापा टाकत केंद्रात शिरल्या. शाळेत जाता येत नसल्याने ऋजुताही आईबरोबर तिथेच होती.

"आधी पाणी दे गं बाळ," त्या ऋजुताला म्हणाल्या. "चौकशी कुठे पळून जात नाही."

"चूक माझी आहे मॅडम," आई लगेच म्हणाली. "शेवटची सही माझी."

"सही तुमची, ते दिसतंच आहे. मला सांगा, फोटो बघताना मनात काय होतं? कदम, आधी तुम्ही."

कदमकाकांनी मान खाजवली. "न्याहाळचा हिरवा दिवा होता. तो कधी चुकत नाही. शिवाय माझ्यानंतर आणखी दोघं बघणारच होते."

"माझ्याआधी कदमकाकांनी बघितलं होतं," फरीदाताई हळूच म्हणाल्या.

आई आपल्या सहीवरून बोट फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"आणि तू रे?" बाईंनी पडद्याला विचारलं.

"त्या फोटोवर वंगणाचा डाग होता," न्याहाळ म्हणाला. "दोर ठीक असल्याची माझी खात्री शंभरात फक्त अठ्ठावन्न होती."

"मग बोलला का नाहीस?" कदमकाका खेकसले.

"बोलायला जागा नव्हती. मला दोनच दिवे दिलेत, हिरवा आणि लाल. अठ्ठावन्न म्हणजे निम्म्याहून जास्त, म्हणून हिरवा."

"काढून टाका हे खोकं!" कदमकाका म्हणाले.

"आणि बारा हजार फोटो आपण तिघांनी एकेक करून नीट बघायचे?" आई म्हणाली. "पहिली गाडी दुपारी सुटेल. मुलं शाळेत कधी पोचणार?"

कदमकाका पुन्हा मान खाजवू लागले. आणि ऋजुताच्या तोंडून निघूनच गेलं, "आमच्या वर्गात अस्संच होतं!"

सगळ्यांनी वळून बघितलं. आता बोलणं भाग होतं. "तोंडी गणितं असली की हर्षल आधी उत्तर सांगतो. तो हुशार आहे, म्हणून सगळे म्हणतात, 'माझंही तेच!' एकदा हर्षलचं चुकलं, तर चौतीस जणांचं तेच चुकलं. तेव्हापासून आमच्या बाई ओरडतात, 'पाट्या पालथ्या!' आता पाट्या काचेच्या आहेत, चार्ज कराव्या लागतात, पण उत्तर लिहून पालथ्या ठेवायच्या आणि सगळ्यांनी एकदम उलटायच्या."

गद्रेबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "करून बघू या!"

टेबलावर लोखंडी नटांनी भरलेली काचेची बरणी होती. बाईंनी आईला आणि गंगारामकाकांना बाहेर पाठवलं. न्याहाळच्या कळफलकावर काहीतरी टाइप केलं आणि विचारलं, "नट किती?"

"ऐंशी," न्याहाळ म्हणाला.

कदमकाकांनी बरणी हातात घेऊन फिरवली. "पंच्याऐंशी असतील." फरीदाताई म्हणाल्या, "ऐंशीच."

मग बाहेरच्या दोघांना एकेक करून आत बोलावलं आणि बरणी दाखवली. आई म्हणाली दीडशे. गंगारामकाका म्हणाले, "मला तर वाटतंय, एकशेचाळीस."

ऋजुताने नट मोजले. एकशे सेहेचाळीस! कदमकाका बघतच राहिले.

"ऐंशी सांग असं मीच त्याला लिहिलं होतं," गद्रेबाई हसल्या. "आधी कुणी खात्रीने उत्तर दिलं की आपण बघायचं सोडून होकार भरतो. सगळ्यांचंच होतं हे, माझंही. तुमच्याकडे चार तपासण्या नव्हत्याच. एक तपासणी झाली आणि तीन वेळा 'माझंही तेच'. तुम्ही कामचुकार नाही सुनंदाबाई. तुमच्या कामाचा क्रम चुकला होता."

आईने इतका मोठा श्वास सोडला की समोरचे कागद हलले.

मग फळ्यावर नवा कार्यप्रवाह (कोणतं काम कुणी, कशानंतर करायचं याची आखणी) तयार झाला. बारा हजार फोटो न्याहाळच बघणार, कारण तो थकत नाही. पण जिथे खात्री कमी तिथे पिवळा दिवा लावणार. असे पिवळे फोटो आणि त्यांत मिसळलेले थोडे हिरवे, काही तर मुद्दाम घातलेले तुटक्या तारांचे जुने फोटो, कदमकाका आणि फरीदाताईंकडे जाणार. जुने फोटो कशाला? तर माणसं जागी आहेत ना, हे कळावं म्हणून. दोघांचे पडदे वेगळे, दिवा झाकलेला. दोघांनी उत्तर लिहिलं की मग तिन्ही पाट्या एकदम उलटायच्या. एक जरी जुळली नाही, तरी गंगारामकाकांचं फडकं. पुढचा निर्णय आईचा. आणि गाडी थांबवायचं बटण आईइतकंच काकांच्याही हातात.

"म्या कुटं शिकल्याला हाय?" काका संकोचले.

"तुमच्या बोटांना कळतं ते कॅमेऱ्याला कळत नाही," बाई म्हणाल्या.

"माझ्या पाटीवर 'नक्की माहीत नाही' लिहिलं तर चालेल?" न्याहाळने विचारलं.

"चालेल काय, त्याला जास्त गुण!" ऋजुता म्हणाली. त्या दुपारी आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

सोमवारी सकाळी बारा मुलं दप्तरं घेऊन गाडीपाशी उभी राहिली. आत पाट्या उलटल्या. न्याहाळ ठीक, फरीदाताई ठीक. कदमकाकांच्या पाटीवर मात्र लिहिलं होतं, 'मला खोट वाटते.' पूर्वी ते असं लिहायला धजले नसते. गंगारामकाका फडकं घेऊन चढले आणि जरा वेळाने हसत उतरले. दोराला वाळकं गवत चिकटलं होतं! कदमकाका ओशाळले, तर आईने त्यांना चक्क चहा दिला. मग गाडी सुटली. दरीवरून जाताना मुलांनी असा काही कल्ला केला की विचारू नका. ट्रंक माळ्यावर परत गेली होती.

वर्गात पोचायला बारा मिनिटं उशीर झाला. बाईंनी घड्याळाकडे बघत विचारलं, "काय गं, उशीर का?"

ऋजुता ऐटीत म्हणाली, "बाई, पाट्या जुळल्या नव्हत्या!"