हिराकाकाचे चार सेकंद

हिराकाकाचा आवाज रविवारी परत येणार होता, आणि बुधवारी तो माझ्याच हातात अडकून पडला.

म्हणजे असं, की माझ्या तळहातावर एक प्रोसेसर (संगणकाचा हिशेब करणारा मेंदू) होता आणि समोर टेबलावर मदरबोर्ड (संगणकाचे सगळे भाग जिच्यावर जोडतात ती पाटी). दोन्ही कोरे करकरीत, आणि एकमेकांत बसायला दोघंही तयार नाहीत. मी इकडून फिरवून पाहिलं, तिकडून फिरवून पाहिलं. छे. बोर्डावरचा चौकोनच लहान पडत होता.

आता हिराकाका कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही ओजस्वी एका आवाजापायी एवढी का घामाघूम झालीय. हिराकाका माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. हे २०६१ साल असलं तरी आमच्या खारटेंभीत कबड्डी अजून मातीतच खेळतात, आणि कबड्डीचं समालोचन हिराकाकाच करतो. समोरच्या संघाचा गडी मध्यरेषा ओलांडून आत आला की काका माइकवर ओरडायचा, "पाहुणे आले!" आणि सगळं मैदान एका आवाजात म्हणायचं, "पाट मांडा!" गडी पकडला गेला की काका म्हणायचा, "जेवल्याशिवाय सोडायचं नाही." लोक खेळ बघायला यायचे की काकाला ऐकायला, देव जाणे.

मागच्या वर्षी काकाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र (घशातला आवाज तयार करणारा अवयव) काढावं लागलं. काका बरा झाला, पण त्याचा आवाज गेला. घरात तो फोनवर लिहून बोलायचा. जेवताना मीठ हवं असलं तरी लिहायचा.

यावर एक उपाय होता. गळ्याला बांधायची कंठपट्टी. आवाज गेला तरी बोलताना जीभ आणि गळ्याचे स्नायू हलतातच, आणि हलताना त्यांच्यात अगदी बारीक वीज उमटते. पट्टी ती वीज टिपते आणि संगणक तिच्यावरून शब्द ओळखतो. काकाच्या जुन्या समालोचनाच्या ध्वनिफिती होत्याच, त्यांच्यावरून तो ते शब्द काकाच्याच आवाजात बोलून दाखवतो. पट्टी दवाखान्यातून मिळाली, प्रोग्रॅम फुकट होता. आम्ही तो घरच्या जुन्या लॅपटॉपवर चढवला आणि सरावाच्या सामन्याला गेलो.

लॅपटॉप प्रत्येक वाक्याला चार सेकंद घ्यायचा. कबड्डीत चार सेकंद म्हणजे काय? गडी आत आला, एकाला शिवला आणि पळून गेला. मग भोंग्यातून काकाचा आवाज, "पाहुणे आले!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काका, पाहुणे जेवून घरी पण पोचले." सगळे हसले. काकाने पट्टी काढून खिशात टाकली आणि घरी येऊन फोनवर लिहिलं, "रविवारचा अंतिम सामना होईपर्यंत बघतो. जमलं नाही तर माइक कबड्डी मंडळाला परत." मंडळाने शहरातून भाड्याचं समालोचन-यंत्रही बघून ठेवलं होतं. ते यंत्र एकदा आलं की काका पुन्हा माइकला हात लावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग मीच पुढे झाले. म्हटलं, मी वेगवान संगणक जोडते. मंडळाने वर्गणी काढली. ती काही फार नव्हती, आणि मी शहाणीने तिच्यातले निम्म्याहून जास्त पैसे सगळ्यात ताकदवान प्रोसेसरवर उडवले. उरलेल्यातून सगळ्यात स्वस्त मदरबोर्ड. मदरबोर्ड काय, नुसती पाटी तर असते, असं माझं मत होतं.

हे सगळं चाललं होतं ग्रामपंचायतीच्या दुरुस्तीघरात. तिथे एक बुटका यंत्रमानव आहे. त्याला सगळे ठोंब्या म्हणतात, कारण तो विचारल्याशिवाय काही बोलत नाही आणि विचाराल तेवढ्याचंच उत्तर देतो.

"ठोंब्या, हा का बसत नाही?"

"सॉकेट वेगळं आहे, ओजूताई." सॉकेट म्हणजे बोर्डावरचा प्रोसेसर बसवायचा चौकोन. ठोंब्याने प्रोसेसर उलटा करून दाखवला. "याच्या पोटाला सोनेरी ठिपके आहेत. चौकोनातली एकेक बारीक तार एकेका ठिपक्याला टेकते. कुठून वीज येते, कुठून माहिती जाते. याला ठिपके जास्त आहेत, त्या चौकोनात तारा कमी आहेत. जोर लावलात तर तारा वाकतील, पण हा बसणार नाही."

"हे तुला आधीच माहीत होतं?"

"होय."

"मग मी विकत घेत होते तेव्हा दातखिळी बसली होती का?"

"तुम्ही विचारलंत, सगळ्यात ताकदवान कोणता. मी सांगितला."

मला असा राग आला होता, पण त्याचं म्हणणं खरं होतं. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"बरं. या प्रोसेसरला चालणारा बोर्ड आपल्या पैशांत येईल?"

"नाही."

मी प्रोसेसर खोक्यात परत ठेवला. मग म्हटलं, "काकाच्या कामाला एवढा मोठा प्रोसेसर लागतो का?"

ठोंब्याच्या डोळ्यातला दिवा हलला. पुढे मला कळलं, चांगला प्रश्न आला की तो तसा हलतो. "नाही. यात सोळा कोअर आहेत (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). पण काकांचा प्रोग्रॅम एकामागून एक पायऱ्या चढतो. आधी वीज टिपायची, मग शब्द ओळखायचा, मग आवाज बनवायचा. आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची होत नाही."

"म्हणजे पोळपाट एकच, तर सोळा जणी स्वयंपाकघरात येऊन काय करणार?"

"पोळपाटाबद्दल मला माहिती नाही. पण सहा कोअर पुरतील. प्रत्येक कोअर झपाझप काम करणारा हवा."

मग बोर्ड न बदलता प्रोसेसरच बदलायचा असं ठरलं. त्याच सॉकेटचा, सहा कोअरचा. तेवढ्यात मला सुचलं म्हणून विचारलं, "आणखी काय जुळायला हवं?" ठोंब्या म्हणाला, वीज. प्रोसेसर किती वीज खाणार हे वॉटमध्ये (वीज मोजायच्या मापात) लिहिलेलं असतं, आणि बोर्ड किती वीज पुरवू शकतो तेही ठरलेलं असतं. आमच्या घरी जुन्या वायरींवर गीझर लावला तेव्हा काय झालं होतं ते मला आठवलं. भिंत काळी झाली होती. आमचा स्वस्त बोर्ड भूक कमी असलेल्या प्रोसेसरलाच पोसू शकणार होता, आणि मी आणलेला तर नुसता बकासुर होता.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या मागे गाडीवर बसून मी पेणच्या दुरुस्ती बाजारात गेले. न वापरलेला भाग तिथे बदलून देतात. मी दुकानदाराला सांगितलं, सॉकेट हे, कोअर सहा, वॉट इतकेच, आणि पडद्यावर चित्र दाखवायची सोय प्रोसेसरमध्येच असलेला, म्हणजे वेगळं चित्रकार्ड घ्यायला नको. दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने कपाट उघडलं. वाचलेल्या पैशांत बोर्डाला चालणाऱ्या प्रकारची रॅम (काम चालू असताना माहिती ठेवायची जागा) आली. वर दोन वडापावही झाले, पण ते मंडळाला सांगू नका.

शनिवारी दुपारी प्रोसेसर चौकोनात ठेवला. त्याच्या कोपऱ्यावर एक छोटा त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवरही असतो. त्रिकोणावर त्रिकोण आला आणि तो आपल्याच वजनाने अलगद खाली बसला. मला इतकं बरं वाटलं. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला.

पडदा मात्र काळाच राहिला.

मी सगळं काढून पुन्हा जोडलं. पुन्हा काळा. बसतंय, वीज मिळतेय, मग घोडं अडलं कुठे? काका दारात उभा होता. तो वळून गेला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी डोळे पुसून ठोंब्याला विचारलं, "बोर्डाला हा प्रोसेसर दिसतोय का?"

दिवा हलला. "दिसतोय. पण ओळखत नाही. बोर्डावर फर्मवेअर असतं (बोर्ड बनवतानाच त्यात लिहून ठेवलेल्या सूचना). कोणकोणत्या प्रोसेसरशी कसं वागायचं ते त्यात असतं. हा बोर्ड आधी बनला, प्रोसेसर नंतर. त्यात याचं नावच नाही."

"मग नवीन फर्मवेअर घालू."

"घालता येतं. पण ते घालायला बोर्ड चालू हवा, आणि बोर्ड चालू व्हायला त्याच्या ओळखीचा प्रोसेसर हवा. महाग बोर्डांना त्यासाठी वेगळं बटण असतं. याला नाही."

आली का पंचाईत. तेच सॉकेट असलेला जुना प्रोसेसर हवा, तोही आज, घटकाभरासाठी. बाजार सोमवारी उघडणार. मी दुरुस्तीघरातली कपाटं धुंडाळली, खोकी उपसली. काही मिळेना. मग माझी नजर ठोंब्यावर गेली. मी हळूच विचारलं, "ठोंब्या, तुझ्यात कोणता प्रोसेसर आहे?"

त्याला उत्तर द्यायला वेळ लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"हेच सॉकेट. जुना. बोर्डाच्या ओळखीचा."

"तो काढला तर तू बंद पडशील."

"होय. बसवल्यापासून मला कोणी बंद केलेलं नाही. परत कसा चालू होईन ते मला ठाऊक नाही." मग तो आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलला. "काढा, ओजूताई. मी नसताना तुम्हाला सांगायला कोणी नसेल. काय विचारायचं ते आत्ता विचारा."

मी विचारत सुटले. त्याच्या डोक्यावरची टोपी, म्हणजे झाकण, कशी उघडायची, पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) कशी पुसायची, नवी किती लावायची. फर्मवेअर पेनड्राइव्हवर घेतलं. शेवटी विचारलं, "मध्येच वीज गेली तर?"

"तर बोर्ड कायमचा वाया जाईल. माझी बॅटरी जोडून ठेवा. मी नसताना तिला दुसरं काम नाही."

मी त्याचं बटण बंद केलं. डोळ्यातला दिवा विझला. दुरुस्तीघर एकदम मोठं आणि रिकामं वाटायला लागलं. तरी मी टोपी उघडली, लेप पुसला, प्रोसेसर काढला, त्रिकोणावर त्रिकोण ठेवला. बटण दाबलं.

पडदा उजळला. फर्मवेअर भरायला लागलं आणि पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. अर्ध्यावर असताना खोलीतला पंखा मंदावला, दिवा गेला. खारटेंभीची वीज कधी दगा देईल, सांगता येत नाही. पण ठोंब्याच्या बॅटरीवर पट्टी सरकतच राहिली, पूर्ण झाली.

नवा प्रोसेसर लावून बघायला माझा जीव नुसता कासावीस झाला होता. पण मी आधी ठोंब्याचा मेंदू ठोंब्याला परत दिला. पेस्ट, पंखा, टोपी, बॅटरी, बटण. दिवा पेटेना. मी बटण सोडून पुन्हा दाबलं. पेटला.

"बोर्ड शिकला का?" ठोंब्याने विचारलं.

"अजून बघितलं नाही."

"आधी मला चालू केलंत? क्रम चुकला."

"क्रम माझा आहे. गप्प बस."

तेवढ्यात वीज परत आली, मग नवा प्रोसेसर बसवला. पडदा उजळला आणि त्यावर त्याचं नाव आलं, अगदी पहिल्या ओळीत. मी ठोंब्याला मिठी मारली. त्याला हात कुठे ठेवायचे ते कळेना.

रविवारी मैदान खच्चून भरलं होतं. संगणक घेऊन मी आणि ठोंब्या काकाशेजारी बसलो. काकाने पट्टी हातात धरली आणि फोनवर लिहिलं, "परत हसं झालं तर?"

"तर दोघांचं होईल," मी म्हटलं. "मी इथून हलत नाही."

काकाने पट्टी बांधली. शिट्टी झाली. पलीकडच्या गावाचा गडी एका दमात कबड्डी-कबड्डी म्हणत मध्यरेषेवर आला, त्याचं पाऊल आत पडलं, आणि भोंग्यातून काकाचा तोच खर्जातला आवाज कडाडला, "पाहुणे आले!"

पाऊल आणि आवाज एकदमच. मग हजार गळ्यांनी एकच गर्जना झाली, "पाट मांडा!"

त्यानंतर काका थांबलाच नाही. वर्षभराचं साठलेलं बोलून घेतलं त्याने. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्यांचा गडी आला, आमच्या पोरांनी त्याचा घोटा धरला, आणि "जेवल्याशिवाय सोडायचं नाही" हे काका म्हणत असतानाच पकड झाली. सामना आम्ही जिंकला. लोकांनी मात्र जिंकलेले गडी सोडून आधी काकालाच खांद्यावर घेतलं. काका वरूनच भोंग्यातून म्हणाला, "अरे पोरीला उचला, मला काय उचलता." रडू आणि हसू एकदम कसं येतं, ते मला तेव्हा कळलं.

गर्दी पांगल्यावर गळ्याला उपरणं गुंडाळलेले एक आजोबा माझ्याजवळ आले. शेजारच्या गावचे होते. त्यांनी फोनवर लिहून दाखवलं, "माझाही आवाज असाच गेला. पण माझ्याकडे पैसे नाहीत."

कुठला प्रोसेसर, कुठला बोर्ड, हे माझ्या ओठांवर आलंही नाही. मी विचारलं, "आजोबा, तुम्हाला आवाज कशासाठी हवाय?"

त्यांनी लिहिलं, "नातीला रोज गोष्ट सांगायची आहे."

ठोंब्याचा दिवा हलला. माझ्याही मनात तेच आलं होतं.

"मग नवीन काहीच घ्यायला नको," मी म्हटलं. "पट्टी दवाखान्यातून मिळेल, आणि आमचा जुना लॅपटॉप घरी पडून आहे. तो घेऊन जा, आणि तुमच्या आवाजाची एखादी जुनी ध्वनिफीत शोधून आणा. फक्त एक आहे, वाक्य बोलल्यावर आवाज यायला चार सेकंद लागतील. चालेल ना?"

आजोबांनी गळ्यावरचं उपरणं सारखं केलं. मग त्यांनी लिहिलं, "पोरी, सहा वर्षं थांबलोय. चार सेकंदांचं काय घेऊन बसलीस."