चारशे बारा नंबरची खोली

नाताळच्या सुट्टीसाठी वसतिगृह रिकामं झालं होतं. चौथ्या मजल्याची प्रमुख म्हणून शेवटची फेरी कॉरिनची. खिडक्या लावायच्या, दिवे मालवायचे, एकेका खोलीला कुलूप घालायचं, की ती सुटली. दुपारचे दोन वाजले होते. मिनेसोटातला बर्फ काचांवर मुकाट्यानं साचत होता.

तेवढ्यात डलूथ गावाहून फोन आला. पहिल्या वर्षातल्या ब्रिटाची आई.

"अगं, सकाळच्या बसमधून ती उतरलीच नाही. फोनही उचलत नाही. तिथंच राहिली का गं?"

कॉरिनला आठवलं. चार दिवसांपूर्वी ब्रिटा दाराशी येऊन म्हणाली होती, "पाच मिनिटं बोलायचं होतं गं." "माझी परीक्षा होऊ दे," म्हणत कॉरिननं दार लोटून घेतलं होतं.

ती धावत ब्रिटाच्या खोलीपाशी, चारशे बारापाशी गेली. "ब्रिटा?"

आतून अगदी बारीक आवाज आला. "कॉरिन... उघड ना. आतून उघडत नाहीये..."

किल्ली फिरली, पण दार हललं नाही. फटीतून ओल्या मातीचा वास येत होता. बाहेरची जमीन तर महिनाभर दगडासारखी गोठलेली! कॉरिननं खांदा लावला, लाथा घातल्या, बोटं सोलवटली.

"थांब गं, मी इथंच आहे. आता नाही जात कुठं!"

"श्वास पुरत नाहीये..." आवाज आता खालून येत होता, उंबऱ्याशी तोंड टेकल्यासारखा. मग तोही थांबला.

कॉरिनच्या किंकाळ्या ऐकून म्हातारा रखवालदार प्रुइट धापा टाकत वर आला. त्यानं नुसता हात लावला आणि दार उघडलं. उघडी गादी, रिकामं कपाट. आत कुणीच नव्हतं.

"दमलीस पोरी," तो म्हणाला. "घरी जा आता."

फोन पुन्हा वाजला. "आली गं बाई! नंतरच्या बसनं आली!" ब्रिटाची आई हसत होती, रडत होती. कॉरिननं फोन दोन्ही हातांनी धरला.

"तिला द्या ना फोन. एकदाच."

पलीकडे पावलं वाजली. मग आईचाच आवाज आला, दबका.

"कॉरिन... ती जिन्यापाशी उभी आहे. मला 'आई' नाही, 'बाई' म्हणतेय... विचारतेय, ब्रिटाची खोली कोणती?"