पांढऱ्या शीचं कोडं

बाळाची शी पांढरी का, हा प्रश्न पहिल्यांदा कार्तिकीनेच विचारला होता. धाकट्या भावाची दुपटी बदलायचं काम तिच्याकडे असायचं. शेजारच्या बाळाची शी हळदीसारखी पिवळी, मग आपल्या बाळाची शाडूच्या मातीसारखी का?

"अगं, पांढरं दूध पितंय लेकरू. मग काय काळी करणार?" मालूआत्या म्हणाली होती. सगळं घर हसलं. कार्तिकीही हसली.

बाळाचे डोळे पिवळे होते, पण त्यावरही आत्याकडे उपाय होता. तिने ओल्या काड्या दोऱ्यात गाठवलेली काविळीची माळ आणून बाळाच्या गळ्यात घातली. माळ रोज थोडी लांबायची. छातीवरून ती बेंबीपर्यंत आली. माळ लांबते म्हणजे कावीळ उतरते, असं आत्या सांगायची आणि आई हात जोडायची.

कावीळ काही उतरली नाही. बाळ पाच महिन्यांचं झालं. पोट टरटरून फुगलेलं, हातपाय मात्र काड्यांसारखे. शेवटी आई, आत्या आणि कार्तिकी त्याला घेऊन तरंगत्या दवाखान्यात आल्या.

कोयनेच्या जलाशयात उन्हावर चालणारी ती बोट गावोगाव फिरायची. तिच्यावर डॉक्टर बर्गेबाई होत्या आणि त्यांच्या मदतीला एक यंत्रमानव. त्याचं कोपर सारखं करकरायचं. बोटीवरच्या लोकांनी त्याचं नाव सखाराम ठेवलं होतं.

डॉक्टरांनी बाळाचं पोट तपासलं, रक्त घेतलं आणि विचारलं, "शीचा रंग कसा?"

आईने आत्याकडे पाहिलं.

"पांढरा," कार्तिकी म्हणाली. "पहिल्यापासून."

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. मग आईला आत नेऊन त्यांनी दार लावून घेतलं. आत्या उठली आणि बोटीच्या पार टोकाला जाऊन पाण्याकडे तोंड करून बसली.

कार्तिकी सखारामजवळ उरली.

"काय झालंय त्याला? खरं सांग."

"मला खोटं सांगता येत नाही. ती सोय माझ्यात नाही," सखाराम म्हणाला. त्याने एका बाटलीत पाणी घेतलं, वर तेल ओतलं आणि खळाखळा हलवलं. "काय दिसतंय?"

"तेल परत वर आलं."

सखारामने भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले आणि पुन्हा हलवलं. आता सगळं पाणी दुधाळ झालं. तेलाचे बारीक बारीक कण होऊन पाण्यात पसरले होते.

"यकृत (उजव्या बरगड्यांखालचा मोठा, तांबूस अवयव) या साबणासारखाच एक रस बनवतं. त्याला म्हणतात पित्त. दुधातल्या स्निग्धांशाचे बारीक कण करायचे, म्हणजे ते पचतात. यकृताखाली एक छोटी पिशवी असते, पित्ताशय (पित्त साठवायची जागा). तिथे पित्त साठतं, आटून दाट होतं. तुपाचा घास पोटात गेला की पिशवी आवळते आणि पित्त नळीतून आतड्यात उतरतं."

"आणि बाळाचं उतरत नाही?"

"नाही. त्याच्या पित्तनलिका (पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या) बंद आहेत. दूध तो पितो, पण त्यातला स्निग्धांश अंगी लागत नाही. म्हणून हातपाय वाळले."

"पण शी पांढरी कशी?"

"रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या झाल्या की मोडतात. त्यातून एक पिवळं द्रव्य निघतं. यकृत ते रक्तातून वेचून पित्तात टाकतं. आतड्यात गेल्यावर त्याचाच रंग शीला चढतो. बाळाचा तो रंग आतड्यात पोचतच नाही, रक्तात तुंबतो. डोळ्यांत दिसतो तो तोच पिवळा रंग."

कार्तिकीला एकदम सगळं उमजलं. डोळ्यांत पिवळं जास्त, शीत पिवळं नाही. एकच रंग, चुकीच्या जागी. कोडं सुटलं होतं, पण तिला जराही बरं वाटलं नाही.

"मग ती माळ का लांबायची?"

"ओल्या काड्या वाळून बारीक झाल्या. गाठी सैल पडल्या. खुंटीला टांगली असती तरी लांबली असती. कित्येकांची कावीळ आपोआप बरी होते आणि नाव माळेचं होतं. याची बरी होणारी नव्हती."

"ती पिशवी कापून टाका ना! आमच्या शाळेतल्या मावशींची काढली होती. त्या चांगल्या हिंडतात."

"पित्ताशयावाचून चालतं. घोड्याला तर ते मुळातच नसतं. पण इथे नळ्या बंद आहेत. त्यावर शस्त्रक्रिया होती. आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडायचा. पहिल्या दोन महिन्यांत केली, तर ती बऱ्याचदा साधते. आता तुंबलेल्या पित्तानेच यकृत आतून वाळल्या भोपळ्यासारखं कडक केलंय."

म्हणजे तेव्हाच कुणी शीकडे नीट पाहिलं असतं तर.

"यंत्र बसवा त्याच्या जागी. तुझ्यासारखं!"

"हृदयाला यंत्र आहे. मूत्रपिंडालाही आहे. पण यकृत रक्तातलं विष मोडतं, साखर साठवतं, जखमेवर रक्त गोठायला लागणारी द्रव्यं बनवतं, आणखी शेकडो कामं करतं. एवढं सगळं करणारं यंत्र अजून कुणाला जमलेलं नाही. मलाही जमणार नाही." त्याचं कोपर करकरलं. "एकच उपाय उरलाय. मोठ्या माणसाच्या निरोगी यकृताचा तुकडा."

"माझा घ्या."

"तू अकरा वर्षांची आहेस. चालत नाही."

दार उघडलं. आईचा चेहरा पार उतरला होता. डॉक्टर हळू आवाजात सखारामला सांगत होत्या, पण कार्तिकीने सगळं ऐकलं. आईचा रक्तगट जुळत नव्हता. दवाखान्याच्या नोंदींप्रमाणे बाबांच्या यकृतात जुना संसर्ग घर करून बसला होता. मोठ्या रुग्णालयातली रांग लांब होती, आणि बाळाजवळ तेवढा वेळ नव्हता.

"घरात आणखी कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं. आईने मान हलवली. टोकाला बसलेल्या आत्याचं नाव तिच्या तोंडून निघेना.

कार्तिकीला आत्याशी बोलायचंच नव्हतं. जन्मात बोलायचं नव्हतं. तरी तुकडा देणाऱ्याचं पुढे काय होतं ते सखारामला नीट विचारून ती गेली.

"आत्या, तुझा रक्तगट तपासायचाय."

"माझ्यामुळं झालं ना गं?" आत्याने मागे वळून पाहिलं नाही. "मीच वाट लावली पोराची."

नाही, असं कार्तिकीला म्हणता आलं नाही. "उशीर झाला," ती म्हणाली. "आता लिव्हरचा तुकडा लागतोय."

"आणि मी काय अर्धी राहू?"

"नाही. ते परत वाढतं. डाव्या बाजूचा थोडा भाग कापतात. उरलेलं काही महिन्यांत पहिल्याएवढं होतं."

"वाढतं? पालीची शेपटी आहे का ती!"

"सगळ्या अवयवांत ते लिव्हरलाच सगळ्यात चांगलं जमतं. आणि बाळाला लावलेला तुकडा बाळाबरोबर वाढत जातो."

"दुखेल?"

"खूप दुखेल. धोकाही आहे. आणि एवढं करून बाळ वाचेलच असं नाही."

आत्या पदराने तोंड पुसून उठली आणि सखारामपुढे जाऊन दंडावरची बाही वर केली. "घे. पण सुई नीट टोच, करकऱ्या."

सखारामने थेंबभर रक्त काचेवर घेतलं. आईने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं.

"रक्तगट जुळतो," सखाराम म्हणाला. "अजून पुष्कळ तपासण्या बाकी आहेत. खात्री देत नाही."

आई रडू लागली. डॉक्टरांनी चालकाला हात केला. बोट वळली आणि धरणाच्या दिशेने, मोठ्या रुग्णालयाचा रस्ता लागतो त्या गावाकडे निघाली.

आत्याने दंडावरचा कापूस दाबून धरला होता. "किती दिवस राहावं लागेल तिकडे?"

"पुष्कळ," कार्तिकी म्हणाली.

"आणि माझी म्हैस? तिचं दूध कोण काढणार?"

"मी काढीन."

"तुला लाथ घालील ती."

"घालू दे," कार्तिकी म्हणाली आणि आत्याशेजारी बसली.