बोटीच्या यादीतले दोघे

हे खरं घडलंय, आणि माझ्याबरोबरच घडलंय. 'भाऊ, झोप पूर्ण करत जा' अशी कमेंट टाकणाऱ्यांनी इथेच थांबावं. माझी झोप व्यवस्थित झाली होती.

गेल्या जूनमधली गोष्ट. रात्रीची म्हणावी, तर रात्र नव्हतीच. मी गेलो होतो तिकडे, पार उत्तर ध्रुवाकडच्या देशात, जूनमध्ये सूर्य मावळत नाही. जे झालं ते लख्ख उजेडात झालं.

ट्रिप माझ्या दादाने आखली होती. तो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. ट्रॅव्हल एजंटचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. "बसमध्ये कोंबतात आणि काचेतून अस्वल दाखवतात," म्हणायचा. त्याचं सगळं स्वतःचं. आडवेळेचं स्वस्त विमान, मग दोन बस, मग तळ्यापलीकडे सोडणारी बोट. पुढे सहा दिवस पायी, रानातल्या फुकटच्या लाकडी खोल्यांत मुक्काम. जेवण पाठीवर, रोजची पिशवी वेगळी, पिशवीवर तारीख. दीड वर्ष दर रविवारी आम्ही त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसायचो. वहिनी म्हणायची, "उचला तो, नाहीतर त्याच्यावरच वाढते."

मार्चमध्ये दादा गेला. ऑफिसच्या जिन्यात कोसळला, तिथेच.

मी रडलो नाही. धीर वगैरे काही नाही, मला काही वाटतच नव्हतं. जेवत होतो, कामावर जात होतो. वहिनीच म्हणाली, "जाऊन या भावजी. इथे बसून तरी काय करणार?" तिकडे गेल्यावर तरी काहीतरी वाटेल, एवढ्याच आशेवर निघालो.

बुकिंग दोघांचं होतं. एकट्याला पलीकडे सोडायचं नाही, असा त्या बोटीचा नियम. धक्क्यावर बोटवाल्याने यादी पुढे केली.

"दोघे ना?"

नाही म्हटलं असतं, तर सगळं सांगावं लागलं असतं. कधी गेला, कसा गेला, वय काय. तीन महिने तेच सांगत होतो. अगदी जिवावर आलं.

मी मान हलवली.

त्याने दोन खुणा केल्या आणि इंजिनाकडे वळला. बोटीत आणखी पाच-सहा जण होते. डोकी मोजत कोण बसलंय?

"यादीतले सगळे आल्याशिवाय बोट हलत नाही," तो ओरडला. "परतायच्या दिवशी दुपारी दोनला दोघंही पलीकडच्या किनाऱ्यावर पाहिजेत."

पहिल्या दिवशी काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी दलदल लागली. तिच्यावर चालायला फळ्या टाकलेल्या असतात, एकापुढे एक. पाय पडला की फळी दबते आणि पाण्याला लागते.

चप्. चप्. चप्.

मी थांबलो.

... चप्.

फळ्या हलतातच, म्हटलं. चालू लागलो. पण कान आता तिकडेच लागलेले. मी थांबलो की दर वेळी एक आवाज जास्त. एकच. मागून.

वळून पाहिलं. सरळ रिकामी वाट, उजेड... आणि डास.

डासांचं सांगायला हवं. तिकडे ते माणसाच्या श्वासाच्या वासावर येतात, हजारोंनी. तोंडावर जाळी ओढूनच चालावं लागतं. माझ्याभोवती ते होतेच. पण सात-आठ फळ्या मागे... आणखी एक थवा होता. एकाच जागी घोंगावत होता. माझ्या डोक्यापेक्षा वीतभर वर.

दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच होता.

थव्याच्या मध्ये काही दिसत नव्हतं. पण मधल्या मोकळ्या जागेत एकही डास शिरत नव्हता. सगळे कडेकडेने फिरत होते.

मी घाबरायला हवं होतं. पण नुसता बघत राहिलो. मग पाठीवरची सॅक सारखी केली आणि पुढे निघालो.

थवाही निघाला.

पुढचे चार दिवस हे असंच. मुक्कामाला पोचून आडवा झालो, की समोरचा रिकामा बाक करकरायचा... कुणी पाठ टेकल्यासारखा. मी त्याच्याशी बोललो नाही. एकदा फक्त जेवणाची दुसरी पिशवी उघडून बाकावर ठेवली. सकाळी ती तशीच होती. मला वाईटही वाटलं नाही.

सहाव्या दिवशी बरोबर दोनला बोट आली. मी चढलो. बोटवाल्याने यादीत एक खूण केली आणि माझ्या खांद्यावरून किनाऱ्याकडे बघत उभा राहिला.

"चला," मी म्हणालो.

"अहो, तुमच्या माणसाला येऊ दे की. बुटाची नाडी बांधतोय तो."

तेव्हा... तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं.

भीती. माझी पाचावर धारण बसली.

मी वळलो नाही.

"तो येणार नाही. इथेच राहणार आहे."

"पण तो हात करतोय!"

"चला म्हणतो ना!"

बोटवाल्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग यादी पुढे केली. "लिहून द्या मग. उद्या माझ्यावर नको यायला."

मी लिहिलं, 'दुसरा प्रवासी स्वतःच्या इच्छेने मागे राहिला.' खाली सही केली.

बोट निघाली. मागून एक हाक आल्यासारखं वाटलं. इंजिनाचा आवाज मोठा होता, नक्की सांगता येणार नाही.

गावी परतल्यावर बॅग घेऊन तसाच वहिनीकडे गेलो. तिने दार उघडलं, माझ्या मागे जिन्यात पाहिलं. बराच वेळ पाहत होती.

"एकटेच आलात?"

"हो..."

"मग हे कुठे आहेत?"

मला वाटलं, तिचा तोल गेला. पण ती अगदी शांत होती. भाजीचा हिशेब सांगावा तसं सांगत होती.

"तुम्ही निघालात त्या दिवसापासून घर गप्प आहे भावजी. त्याआधी रोज होते. सकाळी नळ सोडायचे, संध्याकाळी खुर्ची ओढायचे. मी कुणाला बोलले नाही, लोकांनी वेड्यात काढलं असतं मला. घर गप्प झालं तेव्हा म्हटलं, बरं झालं, तुमच्याबरोबर गेले. किती हौस होती त्यांना. ट्रिप संपली की येतील परत."

तिने दार लावलं नाही. मी निघेपर्यंत ते उघडंच होतं.

आता नोव्हेंबर आहे. तिकडे तळं गोठलंय, जूनपर्यंत बोट नाही. वहिनीच्या घरात अजून काही ऐकू येत नाही. पुढचं बुकिंग कधी करताय, असं ती मला दर रविवारी विचारते. तारखा बघतो, म्हणतो.

ती सही मी केली, हे तिला माहीत नाही.