सात मासे आणि शिळं पाणी

जिन्यात टक्कर व्हायचीच असेल तर हातात निदान मासे तरी नसावेत! पण श्रेयाचं नशीब बघा... हातात बादली, बादलीत गच्चीवरच्या हौदातले 'कोई' जातीचे सात रंगीत मासे, आणि समोरून दुसऱ्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला राजरत्न. निम्मं पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर.

"एवढ्या थंडीत यांना कुठे फिरायला नेताय?" शर्ट पिळत त्याने विचारलं.

"हसू नका हं. गच्चीवर गारठून तळाला बसलेत. बाबांचा जीव आहे यांच्यात. परवा ते गावाहून येतायत, आणि एखादा जरी गेला तर..."

त्याने बादली स्वतःच्या हातात घेतली. न उघडलेल्या खोक्यातून फिशटँकचा जुना हीटर शोधला आणि तिच्या मोरीतल्या अर्ध्या भरलेल्या ड्रममध्ये बसवून मासे त्यात सोडले. मग सकाळ-संध्याकाळ स्वारी तापमान बघायला हजर! त्या कामाला मिनिट पुरतं; हा अर्धा तास थांबायचा. श्रेयाचाही चहा काही केल्या लवकर उकळत नव्हता. दुसऱ्या दिवशी 'अहो'चं 'अरे' झालं.

बाबा यायच्या दिवशी सकाळी मात्र घात झाला. श्रेया दूध आणायला गेलेली, दार नुसतं लोटलेलं. नळाला पाणी आलं. शेजारच्या गंगुबाईंनी बघितलं, ड्रम अर्धाच! चाळीत अर्धा ड्रम कुणाला बघवतो? मोरीतल्या अंधारात मासे काही दिसले नाहीत. त्यांनी मायेनं पाइप सोडून ड्रम काठोकाठ भरला.

श्रेया परतली तर मासे तोंड वर काढून तडफडतायत. तिची हाक ऐकून राजरत्न खांद्यावरच्या टॉवेलनिशी धावत आला.

"क्लोरीन आहे ताज्या पाण्यात. शिळं पाणी हवं."

"शिळं कुठून आणू रे आता?"

तो तडक घरी गेला आणि आपल्या पिंपातलं कालचं पाणी बादलीबादलीने आणून तिच्या कपडे भिजवायच्या टबात ओतू लागला. श्रेयाने एक पातेलं गॅसवर कोमट करून त्यात मिसळलं. दोघांनी एकेक मासा टबात सोडला, हीटर लावला. सहा पोहू लागले. सातवा आडवाच... तिने त्याचा हात घट्ट धरला. किती वेळ गेला कोण जाणे! मग हळूच कल्ले हलले, आणि सातवाही सरळ झाला.

"तुझं पिंप रिकामं झालं," तिच्या लक्षात आलं. "आंघोळ राहिली ना? इथे कर."

"उशीर झालाय ऑफिसला. आज सगळे माझ्यापासून लांब बसतील, दुसरं काय."

"बसू देत," श्रेया म्हणाली. हात तिने अजून सोडला नव्हता. "मी बसेन जवळ... आज, आणि रोज."