डोळ्यांतली पांढरी चकती

"भांडी नकोत आम्हाला. पुढचं दार बघा."

मी मान वर न करताच म्हटलं. हातात बारीक ब्रश, टोकावर काळी शाई आणि भिंगाखाली एका गृहस्थांचा फोटो. त्यांच्या गालावर पांढरा ठिपका उमटला होता, तो मला बुजवायचा होता. अशा वेळी दारात कुणीही उभं राहिलं तरी मी ढुंकून बघत नसे.

"विकायला नाही आलो मी," दारातून आवाज आला. "आणि हे भांडंही नाही."

आवाज बरा होता, म्हणून बघितलं. बाहेर पावसाची रिपरिप. हा नखशिखांत भिजलेला, केसांतून पाणी गळतंय, आणि छातीशी रेनकोटात गुंडाळलेलं काहीतरी गोल. रेनकोट स्वतः घालायचा सोडून त्या वस्तूला घातला होता! जरा सरकला तर मधोमध चांगलं मूठभर भोक.

"मग काय आहे? बूड गेलेलं पातेलं?"

तो हसला. असा हसला की... जाऊ दे. माझ्या ब्रशावरची शाई गळली आणि त्या गृहस्थांच्या गालावर ठसठशीत तीळ आला.

"फोटो काढायला आलोय," तो म्हणाला. "आजपासून इथे नोकरीला."

स्टुडिओ माझ्या काकांचा. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, उठबस जमेना, म्हणून त्यांनी हा माणूस ठेवला. मी मागच्या खोलीत खिडकीशी बसून फोटोंचे डाग बुजवायची. शाळेचं आणि माझं कधी पटलं नाही, पण हात असा स्थिर की पापणीचा एकेक केस काढून दाखवावा. जीभ तेवढी स्थिर नव्हती. काका मला मिरची म्हणायचे, आणि मीही नाकावर माशी बसू देत नसे.

ते बूड गेलेलं पातेलं म्हणजे फ्लॅश होता. त्यानं तो एका दातांच्या डॉक्टरांकडून जुना घेतला होता. डॉक्टर तो लावून लोकांच्या दाढांचे फोटो काढत. कॅमेऱ्याच्या लेन्सभोवती ती चकती बसवायची, लेन्स भोकातून बघणार, आणि बटण दाबलं की चारी अंगांनी एकदम उजेड!

"चेहऱ्यावर सावली म्हणून उरत नाही," तो मला कौतुकानं सांगायला लागला.

"माझ्या नाकाचीसुद्धा?"

"त्या नाकापुढे उभं राहायची सावलीची काय बिशाद!"

मी तोंड फिरवलं. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

पहिलंच मोठं काम आलं ते शाळेच्या मोठ्या बाईंचं. त्या निवृत्त होत होत्या. त्यांचा आणि त्यांच्या शिक्षिकांचा एकेकीचा फोटो हवा होता. प्रिंट माझ्या टेबलावर आले आणि मी कपाळाला हात लावला. प्रत्येकीच्या बुबुळात एक पांढरा गोल, बांगडी घातल्यासारखा! 'या चकतीवाल्याला डाग न पाडता एक फोटो काढता येत नाही,' असं पुटपुटत मी ब्रश जिभेला लावून टोकदार केला, आणि एकूण एक डोळा काळाभोर बुजवून टाकला. काम इतकं सफाईदार की मीच माझ्यावर खूश.

बाईंनी काउंटरवर प्रिंट बघितले. चष्मा काढला, पुसला, परत बघितले.

"अहो, आमची अख्खी शाळा आंधळी झाली की काय? आणि मी तर वर जाऊन आल्यासारखी दिसतेय!"

काका त्याच्यावर उखडले. "तरी सांगत होतो, ही थेरं नकोत! उद्यापासून ती चकती माळ्यावर."

ब्रश कुणाचा फिरलाय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण एक शब्द बोलला नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच मला झोंबलं. माझ्या वाटची बोलणी दुसऱ्यानं खाल्लेली मला खपत नाहीत.

"काका, त्यांना का बोलता? डोळे मी बुजवले. डाग वाटला, बुजवला."

"बरं, राहू दे ती चकती खाली," काका पुटपुटले. त्यानं निमूट आत जाऊन नवे प्रिंट काढले. या वेळी मी ब्रशाला हात लावला नाही. बाईंनी बघितलं आणि त्यांची कळी खुलली. "अगं बाई, ही मी? निवृत्ती रद्दच करावी म्हणते!"

संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी आला. अंगाला त्या फोटो धुवायच्या औषधाचा आंबूस वास. मला तो वास तेव्हापासून आवडतो.

"तो डाग नसतो," तो म्हणाला. "दिव्याचं प्रतिबिंब असतं. त्यानंच नजर जिवंत दिसते." त्यानं भिंग माझ्या हातात दिलं... जरा जास्तच सावकाश दिलं. "त्या गोलाच्या मधोमध काळं दिसतंय? तिथे कॅमेरा. आणि कॅमेऱ्यामागे मी."

"म्हणजे शाळेतल्या सगळ्या बायकांच्या डोळ्यांत जाऊन बसलात? लाज आहे का काही?"

"सगळ्यांच्या बसलो," तो हळूच म्हणाला. "एक सोडून. ती फोटोच काढू देत नाही."

"तिला कामं आहेत," मी म्हटलं. पण त्या दिवशी पुढे कुठलाच डाग मला धड दिसला नाही.

असे दिवस चालले होते. तो ताजे प्रिंट आधी मला आणून दाखवायचा, मी खोड्या काढायची, तो भांडायचा. आणि मग दूरच्या एका मोठ्या शहरातल्या छापखान्यातून त्याला बोलावणं आलं. मासिकांसाठी फोटो काढायचे. कुणीही हुरळून जावं असं काम.

"जाऊ का?" त्यानं मला विचारलं.

नका जाऊ म्हणायचं होतं. पण जीभ माझी! "मला काय विचारता? इथे काय तुम्हाला दावणीला बांधलंय?"

तो ब्रशांच्या बरणीकडे बघत राहिला. "मग... तिथल्या ओळखपत्राला फोटो लागेल. तुम्ही काढाल?"

सगळी मांडामांड त्यानंच केली आणि स्टुलावर जाऊन बसला. फ्लॅश चार्ज होताना बारीक शीळ घालत होता. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. इतका वेळ त्याच्याकडे सरळ बघायची मुभा मला पहिल्यांदाच मिळत होती, आणि तीही आडून.

"हसू नका."

"नाही हसत."

"मग काय करताय?"

"बघतोय... आज तुम्ही पळून जाऊ शकत नाही."

मी बटण दाबलं.

प्रिंट मीच काढला. लाल दिव्याखाली कागद औषधात सोडला, तर आधी केस उमटले, मग डोळे. डोळ्यांत तो पांढरा गोल. गोलाच्या मधोमध काळं.

दुसऱ्या दिवशी तो बॅग घेऊनच आला. ओळखपत्राला बोटभर फोटो पुरला असता. मी तळहाताएवढा काढला होता. तो दिला, वर भिंगही दिलं.

"मधलं काळं दिसतंय?"

"दिसतंय."

"कोण आहे ते? तुमच्याच तोंडचं आहे, विसरलात? आता खुशाल कुठे जायचं तिथे जा. जाल तिथे मला घेऊनच जाल!"

बोलून गेले, आणि कानांच्या पाळ्या तापल्या. तो किती तरी वेळ भिंगातून बघत होता.

"हा फोटो नाही चालायचा तिथे," शेवटी म्हणाला.

"का? काय वाईट आहे?"

"त्यांनी एकट्याचा मागितलाय."

काउंटरवरून काका ओरडले, "मी काढतो रे दुसरा! या मिरचीला खरंच नेणार असशील तर गुडघे गेले खड्ड्यात, स्टुलावर चढून काढतो!"

लग्न झालं, आणि 'तो'चे 'हे' झाले. त्या शहरातला ह्यांनी काढलेला पहिला फोटो माझा. त्यातही नाकाला सावली नाही.

आता हे नाहीत. तळहाताएवढा फोटो माझ्या उशाशी असतो. परवा नात आली. तिच्याकडेही तसाच गोल दिवा आहे, काठीवर उभा राहतो, मध्ये फोन लावते. तिनं आजोबांचा फोटो फोनमध्ये घेतला, पिवळेपणा काढून देते म्हणाली.

"आजी, डोळ्यांत या पांढऱ्या चकत्या आल्यात. पुसून टाकू? नुसतं बोट फिरवलं की जातात."

"खबरदार बोट लावशील तर!"

"अगं, डाग आहे तो!"

मी भिंग तिच्या हातात दिलं. "कोण म्हणतं डाग? नीट बघ. मधोमध आजी उभी आहे."