तळातलं पाणी

जहांगीरचाचांचा गुडघा त्या दिवशी सुजला नसता, तर मी त्या नावेवर गेलेच नसते.

चाचांचं वेल्डिंगचं दुकान चितेगावला, पैठण रोडला लागून. आयटीआय झाल्यावर मी दोन वर्षं एका कंपनीत होते. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात मीही कमी झाले. तेव्हा चाचांनी मला ठेवून घेतलं. "लडकी का हाथ नहीं हिलता," एवढंच म्हणाले. त्याला आता चार वर्षं होत आली होती. सकाळी कोणाचं गेट, दुपारी कोणाची ट्रॉली, संध्याकाळी कोणाच्या जिन्याचा कठडा. घरी आले की डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. आई माझ्या पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची आणि माझ्या लग्नाचा विषय काढायची. मी ऐकता ऐकता झोपून जायचे.

"बेटा, नाथसागरात काकासाहेबांची नाव है," चाचा खुर्चीत पाय वर घेऊन म्हणाले. "तळातून पाणी येतंय. तू जा."

"चाचा, मी नाव जवळून बघितली पण नाय कधी."

"लोखंडच है ना? मग?"

मी स्कूटीवर ग्राइंडर, ड्रिल, पत्र्याचे तुकडे आणि रबराची शीट बांधली आणि निघाले. डिसेंबर होता. बिडकीन गेलं, ढोरकीन गेलं, मग डांबर संपलं आणि समोर नुसतं पाणी... एवढं पाणी, की डोळे आपोआप बारीक झाले. एक माणूस छोटी होडी वल्हवत काठाला आला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं, पँटवर गंजाचे डाग. तो माझ्याकडं बघेचना. माझ्या मागं, रस्त्याकडं बघत होता.

"चाचा कुठंयत?"

"मी आलेय."

"तुम्ही... वेल्डिंगवाल्या?"

"नाय, साडीला फॉल लावते. कुठंय साडी?"

त्याला हसू आलं, पण जरा उशिरानं.

"पोहता येतं का?" त्यानं विचारलं.

"नाय."

"मग हे जाकीट घाला."

"आणि तुमचं?"

तो थोडा ओशाळला. "माझं... भोकात कोंबलंय. पाणी थांबायला."

त्याचं नाव सत्यम. दौलताबादचा. वडील किल्ल्याच्या पायथ्याला पेरू विकायचे आणि ह्यानं मत्स्यपालनाचा डिप्लोमा केलेला. काकासाहेबांनी धरणात माशांचे सोळा पिंजरे सोडले होते, चिलापीचे. त्यांना दिवसातून चार वेळा खाद्य टाकायचं, जाळी तपासायची, हवेचा पंप चालू ठेवायचा, म्हणजे माणूस तिथंच राहायला हवा. म्हणून काकासाहेबांनी एक जुनी लोखंडी नाव घेतली, वर पत्र्याची खोली ठोकली, आणि पिंजऱ्यांना खेटून नांगर टाकला. सत्यमच्या आधी दोघं पळून गेले होते. हा चौदा महिने टिकला होता.

खोलीत सगळं बांधलेलं होतं. गॅसची शेगडी तारेनं, तांदळाचा डबा दोरीनं, खाट खिळ्यांनी. चादरीवरसुद्धा गंजाचे पिवळे गोल. छपरावरच्या सोलर पॅनलवर पाणकावळे बसून घाण करायचे. ते रोज धुतलं नाही तर दिवा लागायचा नाही. दार फुगलं होतं, ते लाथ मारल्याशिवाय उघडायचं नाही. आणि लाकडी फळ्यांखाली, तळात, घोटाभर काळं पाणी हलत होतं.

"चहा घ्या," त्यानं ग्लास माझ्या हातात दिला. "काम करा तुम्ही. काय लागलं तर मी इथंच हाय."

मी ग्राइंडर चालू केला. दहा मिनिटांनी वळून बघते तर... हा माणूस खाद्याच्या पोत्यांना टेकून गाढ झोपलेला! कानाशी एवढं मशीन किंचाळतंय आणि ह्याचं तोंड उघडं. मला रागच आला. मी काय एवढी कंटाळवाणी?

पाण्याला लागलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. म्हणून मी आतून रबर बसवलं, त्यावर पत्रा, आणि बोल्टांनी आवळून टाकलं. तीन तास गेले. शेवटचा बोल्ट आवळून, डोकी घासून मी मशीन बंद केलं, आणि त्याच क्षणी तो ताडकन उठला.

"पाणी? पाणी किती आलं?"

"काही नाय आलं. थांबलंय."

त्यानं फळी उचलून आत हात घातला. मग तसाच खाली बसला. डोळे लाल, पण लाजलेले.

"माफ करा. तळातलं पाणी उपसायच्या पंपाचा स्विच चालत नाय ना... दर दीड तासाला उठून हातपंप मारावा लागतो. चौदा महिने झाले. आता तुमचं मशीन चालू होतं, तर वाटलं, कोणीतरी बघायलंय पाण्याकडं. तेवढ्यात डोळा लागला."

मी हत्यारं गोळा केली. परत येताना स्कूटीवर मात्र सारखं तेच मनात येत होतं — चौदा महिने.

मग दर आठ-दहा दिवसांनी फोन यायला लागला.

"मॅडम, मागच्या अंगाला घाम फुटलाय."

"तुम्हाला का नावेला?"

"नावेला. मला तर तुमचा नंबर लावताना फुटतो."

मी फोन कानाशी धरून दुकानात उभी. चाचा बघत होते. मी उगाच कोरड्या आवाजात म्हणाले, "येते मंगळवारी."

एकदा स्विच बदलला, तर वायर जळाली. वायर बदलली, तर पंपात जाळ्याचा दोरा अडकला. पुढचं भोक बुजवलं, तर पाण्यानं मागं वाट काढली. ती नाव म्हणजे एक आजारी म्हातारी होती. एक दुखणं बरं झालं की दुसरं सांगायची. मी आईच्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्यायला लागले. तो उभ्या उभ्या जेवायचा, एक डोळा पिंजऱ्यांवर ठेवून.

"बसा की," मी म्हणायचे.

"बसलो की झोपतो. मग तुमच्याशी बोलायचं राहतं."

"मग काय बोलायचं ते बोला पटकन."

"तुमच्या कपाळावर काजळी लागलीय."

"एवढंच?"

"...लई छान दिसते."

आणि पुढच्या पाच मिनिटांत घोरायला लागायचा! हवा त्याच्या केसांतून जायची, दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी असायची, आणि मी गुडघाभर गंजात बसून त्याच्याकडं बघायचे. झोपेत त्याच्या कपाळावरची आठी सुटायची. एका मंगळवारी काम दोन वाजताच संपलं. मशीन बंद करायला बोट स्विचवर ठेवलं... आणि ठेवलंच नुसतं. अर्धा तास मी ग्राइंडर हवेतच फिरवत बसले. हात भरून आले, खांदे दुखायला लागले. पण तो झोपला होता.

"एका ठिगळाला आख्खा दिवस?" संध्याकाळी चाचांनी विचारलं.

"गंज लई हाय, चाचा."

"हौ," चाचा चष्मा पुसत म्हणाले. "दिसतोय."

फेब्रुवारीच्या शेवटी मी पहिल्यांदाच इंजिनाखालची फळी काढली. गंजाचे पापुद्रे खरवडले आणि बोटानं पत्रा दाबून बघितला. बोट आत गेलं. आरपार नाही, पण ओल्या पुठ्ठ्यात जावं तसं. मी अजून दोन ठिकाणी दाबलं. तिथंही तेच. अख्खा तळ सडला होता. आजवर मी जे बोल्ट आवळले होते, ते धरायला खाली काही उरलंच नव्हतं.

सत्यम पोत्यांवर झोपला होता. मी त्याला हलवून उठवलं.

"नाव वर काढावी लागेल. काठावर. सगळा तळ बदलावा लागेल."

"आता नाय जमायचं," तो डोळे चोळत म्हणाला. "मासे दोन महिन्यांत निघतील. हवेचा पंप, जनरेटर, सगळं ह्याच नावेवर हाय. पाण्यातली हवा बंद पडली तर एका दिवसात सगळे उलटे होतील. काकासाहेब पण नायच म्हणतील. तोवर तुम्ही ठिगळ लावा."

"कशाला लावू? धरायला पत्रा नाय खाली."

"मग रबर लावा, डांबर ओता... मी पंप मारत राहतो की."

"आणि झोप लागली तर?"

तो थकलेलं हसला. "तुम्ही आल्याशिवाय लागते कुठं?"

दुसऱ्या कोणत्याही दिवशी ते ऐकून मला गोड वाटलं असतं. त्या दिवशी मी हातातला पाना खाली आपटला.

"मरायचंय का तुला?" मी ओरडले. पिंजऱ्यावरचे बगळे उडाले. "मी इथं येते, बोल्ट आवळते, तुला वाटतं कोणीतरी बघतंय! मी काही बघत नाय. मी नुसतं पुढं ढकलतेय. आता मी ठिगळ लावणार नाय. नाव वर काढलीस तर बोलव. नाहीतर फोन करू नको!"

त्यानं मला काठावर सोडलं. माझ्या तोंडून 'तू' निघून गेलं होतं, ते त्यालाही कळलं होतं आणि मलाही. पण त्यावर हसायला दोघांकडं त्राण नव्हतं.

आठ दिवस फोन आला नाही. दुकानात मी दोन गेटांची मापं चुकवली. दुपारी वारा सुटला, पत्रे वाजायला लागले की मला वाटायचं, तिकडं पाण्यावर आता लाटा असतील... तो एकटा पंप मारत असेल, आणि त्याची मान खाली जात असेल. नवव्या दिवशी मी चाचांना सगळं सांगून टाकलं. सगळं म्हणजे फक्त नावेचं. बाकीचं चाचांनी विचारलं नाही.

भांडणाच्या दिवशी तळातून निघालेला पत्र्याचा एक पापुद्रा माझ्या पिशवीत राहिला होता. तो घेऊन मी ढोरकीनला काकासाहेबांच्या मळ्यात गेले. पासष्टीचा, जाड मिशांचा माणूस, मोसंबीखाली खाटेवर बसलेला. मी पापुद्रा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चिमटीत धरला, जरा दाबला, आणि त्याचा भुगा धोतरावर पडला.

"हा तुमच्या नावेचा तळ," मी म्हणाले. "ह्याच्यावर तुमचा माणूस झोपतो."

काकासाहेबांनी धोतरावरचा भुगा बोटानं गोळा केला. "सत्यम कधी बोलला नाय."

"तो बोलणार नाय. तो पंप मारतो."

"पण पोरी, नाव काढली तर मासे?"

"मी ड्रमचा तराफा करून देते. पंप, जनरेटर त्यावर. आठ दिवसांत नाव परत पाण्यात. आणि अजून एक माणूस ठेवा. एकट्याचं काम नाय ते."

काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "तू नावेची मिस्तरी का त्याची वकील?"

मी मान खाली घातली. कान गरम झाले होते. पण ते 'बरं' म्हणाले.

तराफा आम्ही दुकानातच केला. पुढचा आठवडा कसा गेला, मला नीट आठवत नाही. ट्रॅक्टरनं नाव काठावर ओढली, संभाजीनगरहून नवा पत्रा आणला. चाचा लंगडत रोज यायचे. ते वरून कापायचे आणि मी नावेखाली पाठीवर पडून वेल्डिंगची शिवण मारायचे. ठिणग्या मानेवर पडायच्या. संध्याकाळी हात डोक्यापर्यंत जायचा नाही. आई वेणी घालून द्यायची. सत्यम आणि गावातला नवा माणूस, सखाराम, तराफ्यावर ताडपत्रीखाली पाळी पाळीनं राहत होते. मला लांबून तो ठिपक्याएवढा दिसायचा. दिवसातून एकदा हात वर करायचा. मीही करायचे. बोलणं तेवढंच.

नवव्या दिवशी नाव पाण्यात गेली. चाचांनी तळात बॅटरी मारून बघितलं, सगळीकडं कोरडं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गाडीत जाऊन बसले.

पुढच्या सोमवारी सकाळी फोन वाजला.

"मॅडम, या ना एकदा."

"पाणी आलं?"

"नाय. तळ कोरडा हाय. पाण्याचा पंप बंद हाय. दार पण लागतं आता. म्हणजे बिघडलेलं असं... काहीच नाय."

"मग?"

"या तर."

मी गेले. ग्राइंडर घेतला नाही, म्हणून स्कूटी किती हलकी वाटत होती! त्यानं दाढी केली होती. दाढीखाली हनुवटीला एक खळी होती आणि इतक्या महिन्यांत मला ती माहीतच नव्हती. सखाराम पिंजऱ्यांना खाद्य टाकत होता. आम्ही नावेच्या टोकाला बसलो, पाय पाण्यावर सोडून. पाणी हळूच लागत होतं लोखंडाला.

"झोप झाली का?" मी विचारलं.

"झाली. सलग सात तास. उठलो तर भीतीच वाटली." तो जरा थांबला. "मग विचार केला... तुम्ही आलात की मी झोपायचो. जागेपणी तुम्हाला नीट बघितलंच नाय कधी."

"आता बघा."

त्यानं बघितलं. इतकं बघितलं, की मला माझे हात कुठं ठेवावेत कळेना. बोटांवर ठिणग्यांचे काळे डाग, नखं तुटलेली. मी ते ओढणीत लपवले. त्यानं ओढणी बाजूला केली आणि माझा उजवा हात स्वतःच्या तळव्यावर घेतला. त्याचा तळवा पंपाच्या दांड्यानं घट्टे पडून दगडासारखा झाला होता.

"मासे निघाले की मी काठावर येणार," तो म्हणाला. "दौलताबादजवळ शेततळी हायेत, तिथं काम बघितलंय. मला... म्हणजे तुम्हाला..." तो अडखळला, पाण्याकडं बघितलं, आणि एका दमात म्हणाला, "सायली, तू माझ्यासोबत राहशील का?"

माझ्या अंगात त्या दिवशी आनंदानं उड्या मारायचंही बळ नव्हतं. मी नुसती त्याच्या खांद्याला टेकले. फार बरं वाटलं.

"राहीन," मी म्हणाले. "पण रविवारी आधी घरी ये. आईला सांगून ठेवते."

"काय सांगशील?"

"की दौलताबादचा एक माणूस येतोय. त्याला आधी पोटभर वाढ, मग काय विचारायचं ते विचार."

"आणि त्या 'नाय' म्हणाल्या तर?"

"चार वर्षं ती माझ्या लग्नाचंच बोलतेय. आता ती कशाला नाय म्हणेल?"

तो मोठ्यानं हसला, इतक्या मोठ्यानं की सखारामनं खाद्याची बादली खाली ठेवून आमच्याकडं बघितलं. मी घाईनं हात सोडवला. सत्यमनं परत धरला.

ऊन उतरायला लागलं तसा तो मला होडीतून काठावर सोडायला निघाला. निम्म्या पाण्यात आल्यावर त्यानं वल्हं वर घेतलं आणि आडवं ठेवून दिलं. होडी आपली आपण हळूहळू वळायला लागली. त्यानं वल्हं परत पाण्यात घातलं नाही, आणि मीही त्याला तसं सांगितलं नाही.